पंचनाम्याआधीची मराठी

एखादा उतारा समोर ठेवून त्याचे शब्दशः वाचन करणे हा आम्हां साहित्याच्या अध्यापकांचा नित्याचा व्यवसाय आहे. आज कवितेऐवजी गद्यातली दोन वाक्ये घेऊ. मराठवाड्यातील मोबाइलधारकांच्या हाती चैत्रापासून आश्विनापर्यंत ती थोड्याफार फरकाने वारंवार येऊन पडतात : ‘पुढील तीन तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट व ताशी ३० ते ४० किमी वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता आहे. नागरिकांनी सतर्क राहावे व सुरक्षित स्थळी आश्रय घ्यावा.’

वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. शास्त्रीयदृष्ट्याही त्यांत खोट काढता येणार नाही. आणि तरीही आमचे म्हणणे असे आहे की, ज्याच्यासाठी ती लिहिली गेली त्या माणसापर्यंत ती पोचत नाहीत. मोबाइलपर्यंत तेवढी पोचतात. हा दोष हवामानशास्त्राचा कमी आणि मराठीचा व्यवसाय करणाऱ्या आपल्यासारख्यांचा अधिक आहे. हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून प्रथम ती वाक्ये नीट वाचू.

‘तुरळक ठिकाणी’ हा शब्दप्रयोग पाहा. हवामानशास्त्रात त्याला नेमका अर्थ आहे : एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर चतुर्थांश केंद्रांवर पाऊस होईल. म्हणजे हा शब्द पावसाचा विस्तार सांगतो, जोर नव्हे. परंतु बोलीत ‘तुरळक’ म्हणजे थोडे, विरळ, न मोजण्याजोगे. बाजारात तुरळक गर्दी असते, तसा तुरळक पाऊस. त्याला जोडून ‘हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या’ हे विशेषण आले की ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उमटते ते धोक्याचे नसतेच. पाऊस हलका असला तरी त्या ढगातून पडणारी वीज हलकी नसते, ही गोष्ट वाक्यात कोठेच नाही. मारणारी वीज ‘सह’ या अव्ययाला बांधून उपवाक्यासारखी मागे ठेवली आहे, आणि वाक्याचे प्रधानपद निरुपद्रवी पावसाला दिले आहे.

‘वीज’ या शब्दाचीही एक अडचण आहे. गेल्या शतकभरात मराठीने तारेतून येणाऱ्या आणि आभाळातून येणाऱ्या अशा दोन्ही शक्तींना एकच नाव दिले. ‘वीज गेली’ हे वाक्य आम्ही दिवसातून चार वेळा उच्चारतो. आमच्या तालुक्याच्या बोलीने मात्र हा घोळ पुष्कळसा टाळला आहे. घरातली ती ‘लाइट’ आणि आभाळातली ती ‘ईज’. ‘ईज चमकायलीय’ असे कोणी म्हटले, की ऐकणारा वर पाहतो, खांबाकडे पाहत नाही. प्रमाण मराठीला जो भेद करता आला नाही तो बोलीने एका इंग्रजी शब्दाच्या मदतीने सहज केला. बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी यावर क्षणभर विचार करावा.

आता दुसरे वाक्य. ‘सतर्क राहावे’ म्हणजे काय करावे? उभे राहावे, बसावे, पळावे की वर पाहत राहावे? क्रियापदाच्या वेषातले हे विशेषण आहे. त्यातून कोणतीही कृती निघत नाही. ‘नागरिक’ हा कोण? शेळ्या घेऊन डोंगराच्या उतारावर गेलेली बाई स्वतःला नागरिक म्हणून ओळखत नाही. आणि ‘सुरक्षित स्थळी आश्रय’? या तीन शब्दांविषयी आम्हांला एक अनुभव सांगायचा आहे.

दोन वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गाला आम्ही एक साधा स्वाध्याय दिला. वर्गातली बहुतेक मुले तालुक्यातील खेड्यांतून एसटीने येणारी. नळदुर्ग, अणदूर, काटी, सावरगाव या बाजूंची. त्यांना वरच्यासारखा एक इशारा दिला आणि सांगितले, की हा घरी जाऊन आजी-आजोबांना किंवा रानात काम करणाऱ्या कोणालाही सांगा. मात्र वाचून दाखवू नका, सांगा. त्यांना काय कळले आणि तुम्हांला काय शब्द वापरावे लागले, ते लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी आलेली पाने भाषांतरमीमांसेचा धडा म्हणून कोणत्याही विद्यापीठात लावावीत अशी होती. ‘मेघगर्जना’ हा शब्द एकानेही वापरला नव्हता. सर्वांनी आभाळ ‘गडगडवले’ होते. ‘शक्यता आहे’ हे एकालाही तोंडातून काढता आले नव्हते. कोणी ‘आबा, आज दुपारच्याला औत सोडा’ असे म्हटले होते, कोणी ‘काकू, शेरडं पुढं घाला अन् घराकडं निघा’ असे. म्हणजे विधानाची आज्ञा झाली होती, ‘नागरिकां’च्या जागी आबा, काकू, आज्जी, तात्या आले होते, ‘जिल्ह्यात’च्या जागी ओढ्यापलीकडचे रान आले होते. कोणी शिकवले नसताना या मुलांनी इशाऱ्याचे खरे व्याकरण शोधून काढले होते : कोणी, कोणाला, केव्हा आणि काय करायला सांगितले.

परंतु एका विद्यार्थिनीच्या पानावर आम्ही थबकलो. तिने ‘सुरक्षित स्थळी आश्रय घ्यावा’ याचे ‘आडोशाला थांब’ असे केले होते. त्यावर आजी म्हणाली होती, ‘थांबताव की. पाऊस आला की आम्ही समद्या बाया बांधावरच्या लिंबाखालीच थांबताव.’ मुलीने पुढे कंसात लिहिले होते : ‘मला काय बोलावे ते कळले नाही.’

आजीची चूक नव्हती. मराठीत ‘आश्रय’, ‘आसरा’, ‘आडोसा’ या शब्दांच्या मागे शतकानुशतकांची झाडे उभी आहेत. उन्हात झाड, पावसात झाड, वाटसरूला झाड. आमच्या अभंगांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सारे साहित्य झाडाखाली विसावलेले आहे. आणि वीज पडण्याच्या वेळी मोकळ्या रानातले एकटे उंच झाड ही उभे राहण्याला सर्वांत वाईट जागांपैकी एक आहे. विजेचा लोळ झाडावर उतरतो, खोडातून खाली येताना जवळच्या माणसाकडे उडी घेतो आणि मुळांच्या बाजूने जमिनीतून पसरतो. म्हणूनच एकाच झाडाखाली थांबलेली चार-पाच माणसे किंवा सगळा कळप एकाच वेळी गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. अशा वेळी ‘सुरक्षित स्थळी आश्रय घ्यावा’ हा उपदेश आजीला घरी आणत नाही, तर तिला लिंबाखाली नेऊन उभा करतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात २,८८७ माणसे वीज पडून मरण पावली. त्यांतली किती झाडाखाली उभी होती, याचा हिशेब ती नोंद देत नाही. पण ‘लिंबाखाली थांबू नका’ ही तीन शब्दांची मराठी लिहायला आपल्याला कोणी अडवले होते, हा प्रश्न आम्हांला त्या दिवसापासून सोडत नाही.

शासकीय मराठीला नेमके बोलता येत नाही असे मात्र नव्हे. वादळ होऊन गेल्यावर तिची वाणी कशी फुलते ते पाहावे. बाधित क्षेत्र, जिरायत, बागायत, बहुवार्षिक पिके, अंशतः पडझड, पूर्णतः पडझड, दुधाळ जनावरे, ओढकाम करणारी जनावरे, खरडून गेलेली जमीन, गाळ साचलेली जमीन : पंचनाम्याच्या या शब्दसंग्रहाइतका तपशीलवार शब्दसंग्रह आमच्या ग्रामीण कादंबरीतही क्वचित आढळतो. वीज पडून माणूस मेल्यास वारसाला मिळणारे चार लाख रुपये कोणत्या कागदांवर मिळतात, हे गावात प्रत्येकाला पाठ असते. ‘अतिवृष्टी’ हा शब्दच घ्या. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस, ही त्याची महसुली व्याख्या. आज आमच्या भागात ‘अतिवृष्टी’ म्हटले की कोणी छत्री शोधत नाही. तलाठ्याला फोन लावतो. ‘अतिवृष्टी आली का?’ या प्रश्नाचा अर्थ ‘अनुदान खात्यावर जमा झाले का?’ असा आहे. इशाऱ्याच्या शब्दाचा भरपाईचा शब्द झाला. आपल्या राज्यव्यवहाराची मराठी आपत्तीनंतर बोलणारी मराठी आहे. आपत्तीच्या आधी ती पुटपुटते.

याचा अर्थ वेळ नसतो असाही नाही. १३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातील एक तीव्र कमी दाबाचे क्षेत्र आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आले. तेलंगण ओलांडून १४ तारखेस ते सोलापूर-उस्मानाबादच्या माथ्यावर पोचले. ज्या गावांनी समुद्र पाहिला नाही त्या गावांवर समुद्राचे वादळ चालून आले. काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी ओढ्यांतून वाहून गेल्या, विहिरी बुजल्या, माती खरवडली गेली. किनाऱ्यापासून आमच्या डोंगरापर्यंतच्या प्रवासाला त्याने दिवसाहून अधिक अवधी घेतला होता आणि हवामान खात्याने मुसळधार पावसाचा इशाराही दिला होता. एका दिवसात गंज झाकता येते, उंचावर नेता येते. निदान ओढ्याकाठी बांधलेली जनावरे सोडता येतात. त्यासाठी ‘अति मुसळधार’ या विशेषणाचे ‘ओढ्याकाठची गंज आज हलवा’ असे क्रियापद व्हावे लागते. ते झाले नाही.

त्याच वर्षी जानेवारीत उस्मानाबादेत ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, हेही येथे नमूद करणे अप्रस्तुत होऊ नये. आपण सारे तेथे होतो. भाषेच्या भवितव्यावर ठराव झाले, परिसंवाद झाले. नऊ महिन्यांनी त्याच जिल्ह्यात भाषेचे एक अगदी साधे काम पडले आणि ते करायला आपल्यापैकी कोणी नव्हते. २०२५च्या सप्टेंबरात, नवरात्राच्या तोंडावर, जिल्ह्याच्या पश्चिमेला भूम-परंड्याकडे गावे पाण्याने वेढली आणि माणसांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले; तेव्हाही आपली भूमिका वर्तमानपत्र वाचून हळहळण्यापलीकडे गेली नाही. दरम्यान ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. त्याचा आनंद आम्हांलाही आहे. परंतु अभिजात भाषेने दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख दाखवावेत, तसे आज दुपारी तीन वाजता कोठे थांबू नये हेही सांगावे, अशी अपेक्षा करणे गैर ठरू नये.

भाषा आणि वादळ यांचे हे नाते आमच्याच तालुक्याचे आहे, असा आमचा भ्रम नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील ब्लास्केट बेटे ऐकून ठाऊक असतील. तोमास ओ’क्रोहन यांचे १९२९ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र, पेग सेयर्स यांच्या आठवणी : मूठभर कोळ्यांच्या त्या वस्तीने आयरिश भाषेला तिचे काही श्रेष्ठ गद्य दिले. १९४७च्या एप्रिलात वादळी हवेने ते बेट मुख्य भूमीपासून तुटले. बेटवासीयांनी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार केली : वादळाने अडकलो आहोत, खायला काही नाही, अन्न पाठवा. तिचा जो मजकूर प्रसिद्ध आहे तो इंग्रजीत आहे. ज्यांच्या आयरिशचे धडे देशभरातली मुले गिरवीत होती, त्यांना जीव वाचवण्यासाठी स्वतःच्याच सरकारशी दुसऱ्या भाषेत बोलावे लागले. १९५३ साली उरलेल्या बेटवासीयांना मुख्य भूमीवर आणून वसवण्यात आले. त्यांचे वाङ्मय राहिले, बेट ओस पडले. भाषेचा गौरव करणे आणि भाषकाला हाक मारणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या घटनेइतके स्पष्टपणे आम्हांला दुसरीकडे कोठे दिसले नाही.

त्याच देशातली आणखी एक गोष्ट. ६ जानेवारी १८३९च्या रात्री आयर्लंडवर एक भयंकर वादळ आले. लोकांनी त्याला ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ असे नाव दिले. सत्तर वर्षांनी, १९०८च्या कायद्याने वृद्धांना निवृत्तिवेतन सुरू झाले तेव्हा अनेकांपाशी जन्माचा दाखला नव्हता. तेव्हा ती रात्र आठवते का, हाच वयाचा पुरावा धरला जाऊ लागला. आमच्या भागात वेगळे काय आहे? येथे माणसे ‘बहात्तरच्या दुष्काळात’ जन्मलेली असतात आणि त्यांची मुले ‘किल्लारीच्या आधी’ किंवा ‘किल्लारीच्या नंतर’. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा तो भूकंप लातूर-उस्मानाबादच्या बोलीत कालमापनाचे एकक झाला आहे. आपत्तीला नाव मिळाले की ती स्मरणात राहते, आणि स्मरणात राहिली की ती पुढच्या वेळची तयारी होते. राज्यातील आपत्ती व्यवस्थापनाच्या रचनेला किल्लारीनंतरच आकार येऊ लागला. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, २००५ साली झाला.

नावाचे हे सामर्थ्य ओळखूनच आयर्लंड आणि ब्रिटनच्या हवामानसंस्था २०१५पासून वादळांना नावे देऊ लागल्या. २४ जानेवारी २०२५ रोजी ‘एओविन’ नावाचे वादळ आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. कॉनमारा या आयरिशभाषक प्रदेशाच्या टोकाशी मेस हेड येथे ताशी १८४ किमी वेगाचा झोत नोंदला गेला. त्या देशात मोजला गेलेला तो सर्वांत वेगवान वारा. ‘एओविन’ ही टॉल्किनच्या कादंबरीतील वीरनायिका आणि तिचे नाव जुन्या इंग्रजीच्या घडणीचे. पण नाव परके असले तरी जिभेवर राहिले. आमच्याकडे आलेल्या २०२०च्या वादळाला तेवढेही भाग्य लाभले नाही. उपसागरातील प्रणाली चक्रीवादळाच्या पातळीला पोचली तरच तिला नाव मिळते. हे क्षेत्र ‘तीव्र कमी दाब’ या पायरीवरच थांबले, म्हणून अनाम राहिले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘परतीचा पाऊस’ म्हटले आणि लोक आजही ‘सोयाबीन वाहून गेलं त्या सालचा पाऊस’ म्हणतात.

वास्तविक नाव देऊन लक्षात ठेवण्याची युक्ती आपल्यापाशी फार जुनी आहे. रोहिणी, मृग, आर्द्रा, मघा, हस्त ही नक्षत्रे शेतकऱ्याची पर्जन्यपंजिका होती. पंचांगकर्ता प्रत्येक नक्षत्राला वाहन देतो. कधी बेडूक, कधी मेंढा, कधी हत्ती, कधी गाढव. या भाकितांच्या खरेपणाची तरफदारी आम्हांला करायची नाही. त्यांच्या रचनेकडे मात्र लक्ष वेधायचे आहे. दिनांक, नाव आणि डोळ्यांसमोर उभे राहणारे एक चित्र, एवढ्यावर ती उभी असतात. म्हणून निरक्षर माणसालाही वर्षभराची यादी एका पाडव्याच्या वाचनात पाठ होते. याउलट ‘यलो’, ‘ऑरेंज’ आणि ‘रेड अलर्ट’ या आजच्या संकेताचे काय होते ते आमच्या गावात पाहावे. पिवळा म्हणजे पाहत राहा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. ज्या गावात हळद पिवळी, निशाण भगवे आणि कुंकू लाल, त्या तुळजापुरात यांतला एकही रंग भयसूचक नाही. तिन्ही मंगल आहेत. रंग बदला असे आम्ही म्हणत नाही. रंगाचा अर्थ येथे शिकवावा लागेल, तो आपोआप कळणार नाही, एवढेच म्हणतो.

येथे दोन आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला असा की, इशाऱ्याची परिभाषा राज्यभर एकसारखी असली पाहिजे. तालुक्यातालुक्याला शब्द बदलले तर गोंधळ होईल आणि जबाबदारी कोणाची तेही ठरवता येणार नाही. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, पण अर्धा. मोजमाप आणि पायऱ्या एकसारख्याच हव्यात. परंतु औषधाच्या बाटलीवरील रासायनिक नाव सर्वत्र एकच असते म्हणून ‘जेवल्यावर दोन चमचे’ हे लिहायचे कोणी सोडत नाही. परिभाषा अधिकाऱ्याने अधिकाऱ्याशी बोलण्यासाठी असते. तिच्या शेवटी रानातल्या माणसासाठी दोन ओळी असाव्यात आणि त्या त्याच्या बोलीत असाव्यात, इतकेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप आम्ही स्वतःच स्वतःवर घेतो. बोलीविषयीचे प्रेम आंधळे असता कामा नये. जी बोली ‘ईज’ आणि ‘लाइट’ यांत भेद करते, त्याच बोलीत ‘पायाळू’ हाही शब्द आहे. पायांकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते, ही समजूत त्या शब्दाला चिकटली आहे. आणि तिचा खरा अपाय असा की, जो पायाळू नाही तो स्वतःला निर्धास्त समजतो. लोकभाषेत लोकज्ञान असते तसे लोकभ्रमही असतात. म्हणूनच हे काम केवळ भाषांतरकाराचे नाही आणि केवळ वैज्ञानिकाचेही नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे मोबाइलवर विजेची पूर्वसूचना देणारे साधन तयार केले, ही मोठी गोष्ट झाली. त्या सूचनेच्या आणि लिंबाखालच्या आजीच्या मध्ये जे अंतर उरते ते भाषेचे आहे, आणि तेथे शास्त्रज्ञाच्या शेजारी भाषेचा माणूस बसला पाहिजे.

आणि येथे भाषाही एक नाही. तुळजाभवानी ही महाराष्ट्राइतकीच कर्नाटक, तेलंगण आणि आंध्रातील असंख्य घरांचीही कुलदेवता आहे. शारदीय नवरात्रात आणि पुढे कोजागरीला सोलापूरकडून घाट चढून पायी येणाऱ्यांच्या रांगा रात्रभर चालू असतात. त्यांत कानडी बोलणारे किती तरी असतात, तेलुगू बोलणारेही असतात. तो काळ परतीच्या पावसाचा, म्हणजे विजांचाच. उघड्या माळावरून, डोक्याला पदर बांधून, अनवाणी चालणाऱ्या त्या माणसाला रस्त्याकडेच्या ध्वनिक्षेपकावरून मराठीत ‘भाविकांनी सतर्क राहावे’ असे ऐकू आले तर त्याने काय करावे? ब्लास्केटच्या लोकांना संकटात दुसऱ्यांची भाषा बोलावी लागली म्हणून आपण हळहळतो. संकटात दुसऱ्यांना आपली भाषा ऐकायला लावतो, याचे मात्र आपल्याला काही वाटत नाही.

मग करायचे काय? मराठी विभागांनी वादळे थांबवायची नाहीत. त्यांच्या आवाक्यातली चार कामे आहेत. जून ते सप्टेंबर या महिन्यांत विद्यार्थ्यांकडून प्रकल्प लिहून घ्यायचेच असतात. एका वर्षी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातील पाऊस, वारा, ढग, वीज, पूर यांचे शब्द गोळा करावेत : वळीव, वावधान, वावटळ, झड, गारा, आणि जे आम्हांलाही ठाऊक नाहीत ते. शब्दांबरोबर त्यांना चिकटलेले समजही नोंदवावेत. दुसरे, ही यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे न्यावी आणि नेहमीच्या दहा इशाऱ्यांचे मसुदे हवामानतज्ज्ञांसमवेत बसून बोलीत तयार करावेत. आमच्याकडील यात्रेसाठी कानडी आणि तेलुगूतही करावेत. शेजारच्या सोलापुरात या दोन्ही भाषा घरोघर बोलल्या जातात. माणसे मिळायला अडचण नाही. तिसरे, हे मसुदे कोणाच्या तोंडून जायचे ते ठरवावे. पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती, दूध संकलन करणारा मुलगा, मंदिराचा किंवा मशिदीचा भोंगा : ज्याच्या आवाजाला गाव ओळखते त्याने सांगितले तर गाव उठते. पूर्वी दवंडी होती ती केवळ मोठ्या आवाजासाठी नव्हे. हलगी वाजवणारा कोण आहे हे गावाला ठाऊक असे. चौथे, तालीम. गुढीपाडव्याला देवळात पंचांगवाचन होते. वळवाच्या विजांचा काळ त्याच सुमारास सुरू होतो. नक्षत्रांची वाहने ऐकायला जमलेल्या माणसांना त्याच वेळी, त्याच पारावर, वीज कडाडली तर कोण कोठे जाईल हे एकदा चालून दाखवता येईल. गावात पक्के घर कोणते, शाळेची चावी कोणाकडे, एकटी म्हातारी माणसे कोणत्या वस्तीवर, हे त्या दिवशी ठरावे.

यात साहित्याचा काय संबंध, असे एखादा विद्यार्थी विचारील. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो. आमच्याच मातीची बोली साहित्याच्या कामी येते हे त्या कथेने अनेकांना प्रथम दाखवले. तीच बोली जीव वाचवण्याच्या कामी यावी, एवढाच आमचा आग्रह आहे. कोणाशी बोलतो आहोत, त्याला काय ठाऊक आहे, कोणता शब्द त्याच्या मनात कोणते चित्र उभे करील, याचा विचार करणे हीच तर आपली विद्या.

वर्गातल्या त्या मुलांनी शेवटी मिळून एक मसुदा तयार केला. एका जाणकाराकडून तपासून घेतलेला तो मसुदा आम्ही येथे जसाच्या तसा देतो :

‘आज दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत आपल्या तालुक्यात ईज पडायची भीती आहे. आभाळ गडगडलेलं ऐकू आलं की हातातलं काम सोडा. लिंबाखाली, बाभळीखाली, कसल्याच झाडाखाली थांबू नका. चारी बाजूंनी उघड्या शेडात थांबू नका. पक्क्या घरात या, नाहीतर काचा लावून जीपमध्ये बसा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाईपर्यंत बाहेर पडू नका. शेजारच्या रानात कोणी असलं तर त्याला हाक मारा.’

यात सुधारणेला जागा आहे. शेळ्यांचे काय करायचे, हे त्यात नाही. आणि शेळ्या सोडून घरी या, असे सांगितले तर कोणीही येणार नाही, असे मुलांचेच म्हणणे पडले. ती ओळ अजून लिहायची राहिली आहे. ज्यांच्या तालुक्यात ती कोणी बोलत असेल त्यांनी आम्हांला जरूर कळवावी. पाडव्याच्या आधी मिळाली तर बरे.